आलुबुखाराला सांगितलेलं

मावशींची पहिली बोलणी मी खाल्ली ती आलुबुखाराच्या झाडामार्फत. मुळशीतल्या कासार आंबोलीत त्यांच्या घरामागची खोली भाड्याने घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी ऑफिसच्या गाडीची घाई होती. तोंड धुऊन मी तशीच आत पळाले आणि बाहेरच्या नळाची धार बारीक चालू राहिली. खिडकीबाहेरून आवाज आला, "काय गं बाई, नळ असा उघडा टाकून जातीयास? धरण तुझ्या बापानं बांधलंय व्हय?"

मी लातूरकडची. पाण्याची किंमत मला मुळशीकरांनी शिकवावी हे काही मला सहन होण्यासारखं नव्हतं. तावातावाने बाहेर आले, तर मावशी माझ्याकडे पाठ करून परसातल्या एका काटकुळ्या झाडाशी बोलत होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताने वाळकं पान खुडणं चालू. मी दिसताच वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "झाला का च्या? टाकू का घोटभर?" नळ त्यांनी केव्हाच बंद केला होता.

'लेकी बोले सुने लागे' ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकले होते. पुढची काही वर्षं मी त्या म्हणीतच राहत होते. लेक म्हणजे ते झाड. सून म्हणजे मी, दूधवाला, वायरमन, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि ज्याच्या कुणाच्या कानावर काही घालायचं असेल तो. मावशी समोरासमोर फक्त चहा, भाजी आणि पावसापाण्याचं बोलत. त्यापलीकडचं, म्हणजे खरं जे बोलायचं ते, झाडाला सांगत. ज्याला सांगायचं तो ऐकू येईल इतक्या अंतरावर आला आहे ना, एवढं मात्र त्या आधी बघून घेत.

मला याचा भयंकर राग यायचा. आमच्याकडे भांडायचं तर तोंडावर भांडतात आणि संध्याकाळी एकत्र जेवतात. हे काय आडून आडून? एकदा मी त्यांना तसं सरळ विचारलं. त्या ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अगं, मी ह्या घरात आले तवा सासऱ्याम्होरं तोंड उघडायची सोय न्हवती. सासूम्होरं बी न्हाई. घरात मीठ संपलं तर कुणाला सांगायचं? मंग मांजराला सांगायचं. 'मांजरे, मीठ संपलंय गं, आता काय करायचं आपुन?' सांजच्याला मीठ यायचं." मग सूप हलवत म्हणाल्या, "मांजर लई गुणाचं हुतं."

सासू गेली, सासरे गेले, नवराही गेला. तोंड उघडायला कुणाची आडकाठी उरली नव्हती. पण सवय जायला माणसं जाणं पुरत नाही.

एका पावसाळ्यात मला ताप भरला. मी कुणाला काही कळवलं नव्हतं, दार लावून पडून होते. खिडकीबाहेर झाडाशी बोलणं सुरू झालं. "सकाळधरनं कुणाच्या पोटात काय न्हाई बग. पेज करून पायरीवर ठिवलीया. लिंबाचं लोणचं बी हाय. आता तू काय पेज पिणार न्हाईस, मंग कुणी प्यायची ती पिऊ दे." मी दार उघडलं तेव्हा त्या तिथे नव्हत्या. पायरीवर झाकलेलं भांडं होतं, आणि पेज अजून वाफाळत होती. त्या दिवसापासून माझा राग जरा नरम पडला. आडून बोलणाऱ्या माणसाला आभारही तोंडावर मानता येत नाहीत, हा नवा त्रास मात्र सुरू झाला.

पण मी त्यांची खरी ऋणी आहे ती माझ्या वडिलांच्या बाबतीत. वडील एकदा मला भेटायला आले, ते खिशात एका मुलाचा फोटो घेऊनच. स्थळ चांगलं होतं, मुलगा बंगळूरला नोकरीला होता, माणसं सालस होती. मला ते नको होतं. आणि तोंडावर बोलण्याच्या गप्पा मारणारी मी, वडिलांपुढे बसले आणि जीभ टाळ्याला चिकटली. मावशींनी चहा आणून दिला, आमची दोघांची तोंडं पाहिली आणि परसात गेल्या. आम्ही ओसरीवर होतो, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"न्हाई म्हणाय येत न्हाई म्हणून हू म्हणू नगंस गं बाई. एकदा हू म्हणलं की जलमभर हू हू करत बसाय लागतंय. तुझा बा चांगला माणूस दिसतुया. तू सांगून तर बग, ऐकंल त्यो."

वडिलांनी कप खाली ठेवला. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना एसटीत बसवून द्यायला मी पौडला गेले, तेव्हा स्टँडवर म्हणाले, "तुझ्या मनात नाही का गं?" मी नाही म्हटलं. "मग तसं सांगावं की," एवढंच म्हणाले, आणि फोटो पुन्हा कधी खिशातून बाहेर आला नाही. आज माझं आयुष्य जे काही आहे ते माझ्या मनासारखं आहे. त्यात मावशींचा वाटा फार मोठा आहे, आणि हे मी कुठल्याही झाडाला न सांगता इथे सरळ लिहिते आहे.

आता झाडाबद्दल. आलुबुखार मुळशीत येत नाही. करवंद येतं, जांभूळ येतं, फणस येतो. आलुबुखार हातगाडीवर खोक्यातून येतं. मावशींकडे माझ्या आधी एक पंजाबी इंजिनिअर भाड्याने राहायचा. तो एकदा सुट्टीवरून परतताना घरच्या बागेतलं रोप ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. परदेशात नोकरी लागून तो निघून गेला, रोप राहिलं. इथल्या पावसात मुळं कुजू नयेत म्हणून मावशींनी मातीचा उंचवटा करून त्यावर ते लावलं आणि पाणी वाहून जायला भोवती चर काढला. खोडाला चुना लावला. डिंक गळायला लागला की रात्री झोप लागली नाही म्हणत. दर थंडीत झाड पानं टाकून खराट्यासारखं व्हायचं, गाव म्हणायचं 'वाळलं', आणि माघात त्या नुसत्या काड्यांवर पांढरी शुभ्र फुलं यायची. चांगला फुलोरा यायचा. आठवडाभर मधमाश्या घोंगावायच्या. मग फुलं गळायची, आणि फळ एकही धरायचं नाही.

यावर गावाने उपाय सुचवायला कमी केलं नाही. कुणी म्हणे, कुऱ्हाड दाखवा, भिऊन फळतं. मावशी झाडाला म्हणाल्या, "भेवून कुणी काय दिलंय व्हय गं?" आणि कुऱ्हाड घरात नेऊन ठेवली. पंजाबी इंजिनिअर जाताना 'इसको ठंड चाहिए, आंटी' म्हणाला होता, ते मात्र त्यांच्या पक्कं लक्षात होतं. एका थंडीत त्यांनी पौडच्या बाजारातल्या मासेवालीकडून संध्याकाळचा उरलेला बर्फ पोत्यात घालून आणला आणि झाडाच्या बुंध्याशी पसरला. थंडी मुळांना नाही, वरच्या डोळ्यांना, म्हणजे फांद्यांवरच्या कोंबांना लागते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बर्फाला बांगड्याचा सणसणीत वास होता. पुढे कित्येक दिवस आळीतली सगळी मांजरं झाडाखाली ध्यान लावून बसत होती. मावशींना त्याचं काही वाटलं नाही. मांजरांशी त्यांचे जुने संबंध होते.

मावशींचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणत, अगदी त्याची आईसुद्धा, माणूस वाईट नव्हता. जेसीबी चालवायचा, आईच्या गोळ्या न चुकता आणायचा. पण आईचं झाडाशी चाललेलं बोलणं त्याला ऐकूच येत नसे. मांजराशी, गुरांशी असंच बोलणं त्याच्या जन्मापासून घरात चालू होतं. पंख्याची घरघर ऐकू येत नाही, तसं त्याचं झालं होतं. आमच्या सगळ्यांवर चालणारी मात्रा घरच्या माणसावरच चालत नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादाने जाहीर केलं, "आई, आता गाड्यावालं भाडेकरू यायला लागल्यात. परसात कोबा करून पार्किंग काढायचंय. उन्हाळ्यात झाडाला फळ आलं तर बघू, न्हाईतर काढून टाकतो." दुसऱ्या दिवशी दादा आंघोळीला बसला असताना मावशी झाडाला म्हणाल्या, "तुला काय बी हू द्यायची न्हाई मी." दादा अंगावर पाणी ओतत गाणं म्हणत होता.

"मावशी, त्यांना सरळ सांगा ना," मी म्हटलं.

"सांगते की. रोज त्याच्याम्होरं सांगते."

"झाडाला सांगता तुम्ही."

"मंग? त्याला काय ऐकाय येत न्हाई?"

मी निदान फळाचं काही जमतंय का ते बघावं म्हणून मावशींच्या मोबाईलमधून त्या पंजाबी इंजिनिअरला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तो मोठ्याने हसला आणि मग म्हणाला, 'गलती मेरी है.' त्याच्या घरी बागेत दोन जातींची झाडं शेजारी शेजारी होती. एकीच्या फुलाला दुसरीचा पराग लागतो, एकटं झाड फळत नाही, हे तिथे इतकं घरचं होतं की सांगायचं त्याला सुचलंच नव्हतं. नवीन झाड लावून ते वाढेपर्यंत कोण थांबणार? तो म्हणाला, एका वर्षी दुसऱ्या जातीचं झाड वाळलं तेव्हा त्याच्या आजोबांनी लांबच्या बागेतून फुललेल्या फांद्या कापून आणल्या होत्या आणि बादलीत पाणी घालून झाडाला टांगल्या होत्या. बाकीचं काम मधमाश्या करतात.

मी हे मावशींना सांगितलं आणि म्हटलं, पण आलुबुखार इथे दुसरं आणणार कुठून? मावशी म्हणाल्या, "हाय एक."

ते वरच्या रानात होतं. वरचं रान म्हणजे मावशींच्या घरची भाताची खाचरं. काही वर्षांपूर्वी नवऱ्याने आणि मुलाने मिळून ती विकली होती, आणि तिथे आता शनिवार-रविवारी येणाऱ्या पुण्याच्या एका काकांचा बंगला होता. रस्त्याने जाताना कुंपणावरून मावशींना माघात तिथे पांढरी फुलं दिसली होती. त्यांच्या डोळ्यातून असली गोष्ट सुटणं शक्य नव्हतं. पण रान विकल्यापासून त्यांनी तिथे पाय ठेवला नव्हता. विकलेल्या रानात जाऊ नये, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

माघ आला, आमचं झाड फुललं. मावशी रोज फुलांकडे बघत आणि रोज काहीतरी काम काढून घरातच राहत. फुलं गळायला लागली तेव्हा रविवारी सकाळी लग्नाला जायचं ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "चल," म्हणाल्या. फाटकापाशी त्यांनी माझा हात धरला. "माग तू. तुमी शिकलेल्या."

"मी नाही मागणार," मी म्हटलं. मला खरंच बघायचं होतं.

काका बाहेर आले, नम्रपणे "या, कोण हवंय आपल्याला?" म्हणाले. मावशी त्यांच्या बाजूने सरळ पुढे गेल्या, त्यांच्या फुललेल्या आलुबुखारासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. "लई गोजिरी दिसतीयास गं बाय. आमच्या दारात बी एक हाय, तुझ्यावाणीच. एकटी हाय बिचारी. तुझ्या चार फांद्या दिल्यास तर तिची वटी भरंल. लांबचं न्हाई, हितलंच घर हाय आमचं."

काकांनी मला बाजूला घेऊन हलकेच विचारलं, "आजींना बरं नाहीये का?" मग मात्र मला सगळं सांगावं लागलं. काकांनी ऐकून घेतलं. आतून कात्री आणली, फुलांनी भरलेल्या चांगल्या फांद्या स्वतः कापल्या आणि मावशींच्या हातात देत झाडाकडे बघूनच म्हणाले, "पुढच्या वर्षीही खुशाल या म्हणावं यांना." मावशी लाजल्या. निघताना पोहायच्या निळ्या हौदापाशी थबकल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हितं आमचं भाताचं वाफं हुतं. रोपं लई भारी यायची." परत येताना त्यांनी पाठीमागे वळूनही पाहिलं नाही.

आम्ही बादल्यांत पाणी घालून त्या फांद्या झाडाला टांगल्या. मधमाश्या इकडून तिकडे जात राहिल्या. बघायला आलेल्या बायका 'झाडाचं लगीन' म्हणून हसून गेल्या. फुलं गळली आणि देठांवर हरभऱ्याएवढे हिरवे मणी राहिले. मी बोट दाखवून ओरडणारच होते, मावशींनी माझं बोट खाली दाबलं. "बोट दावू नगंस. कवळ्या फळाला बोट दावलं की गळतंय. आन् कुणाला सांगू बी नगंस." म्हणून आम्ही कुणालाच सांगितलं नाही. दादालाही नाही. पानं भरगच्च आली आणि फळं त्यांच्याआड झाकली गेली.

चैत्रातल्या एका सकाळी दादा करवतवाल्याला घेऊनच परसात आला. कोबा करणारा गवंडी त्याच आठवड्यात मोकळा होता, म्हणून उन्हाळा संपायची वाट बघायला त्याला सवड नव्हती. माणूस यंत्राची दोरी ओढून बघायला लागला. दादा मोबाईलवर गवंड्याशी बोलत होता. मावशी धावत आल्या आणि झाडाच्या फांदीला धरून झाडाशी बोलू लागल्या. "भिऊ नगंस. कोण हात लावतुया बगते. मी हाय." आवाज चढत गेला. दादा फोनवर सिमेंटच्या गोणींचं विचारत होता.

मला राहवेना. मी पुढे झाले. दादा, वर बघा, फळं धरलीत, एवढंच मला सांगायचं होतं. तोंड उघडलं तेवढ्यात मावशींनी हात वर करून मला थांबवलं. फांदी सोडली. पदर नीट केला आणि झाडाकडे पाठ करून मुलासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, मला हे झाड पायजे. तोडू नगंस."

दादाने मोबाईल कानावरून काढला. "काय?"

"मला पायजे."

तो आईकडे बघतच राहिला. "तुला पायजे?"

"व्हय. मला."

"बरं," दादा म्हणाला. करवतवाल्याकडे वळला, "भाऊ, ऱ्हाऊ द्या." फळाचं त्याला तोवर काहीच माहीत नव्हतं.

मावशी धुण्याच्या दगडावर बसल्या. माझ्या डोळ्यांत सरळ बघून म्हणाल्या, "एवढंच असतंय व्हय?"

दादाने आतून पाणी आणून दिलं. "आई, एवढं पायजे हुतं तर सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगत हुते की. रोज सांगत हुते."

"मला?"

मावशींनी तांब्यातलं पाणी संपवलं. "तुला न्हाई," म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "वरलं रान इकायच्या येळंला बी सांगितलं हुतं. म्हशीला. म्हणलं, म्हशे, एवढं रान इकू देऊ नगंस गं. तू धार काढत बसला हुतास तिच्याखाली."

दादा रिकामा तांब्या हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "मला वाटलं, म्हशीशीच बोलतीयास."

करवतवाला यंत्र उचलून निघून गेला. दादाचा फोन पुन्हा वाजला, त्याने तो न बघता बंद केला. मग आईच्या पायाशी, ओल्या मातीत, होता तसा खाली बसला.

"अजून काय काय सांगितलं हुतंस तिला?"

मावशी सांगू लागल्या. ते माझ्यासाठी नव्हतं. मी चहा टाकायला आत गेले आणि तो गाळायला मुद्दाम उशीर केला.